दूध बंद केल्याने छातीतला कफ जात नाही

‘कफ म्हणजे शरीरातलं विष. दूध-दही बंद करा, छाती मोकळी होईल. बेडका हिरवा पडला की लगेच अँटिबायोटिक घ्या.’ थंडी पडली की हा मेसेज फिरू लागतो आणि दम्याच्या पोरांचा दुधाचा पेला बंद होतो. मला याचा राग येतो.

आधी ते विष. निरोगी श्वासनलिकेतल्या कफात ९७-९८ टक्के पाणीच असतं. उरलेल्यात क्षार, प्रथिनं आणि म्युसिन नावाचे लांबलचक रेणू. हे रेणू पाणी धरून ठेवतात, म्हणून कफ ना धड पातळ ना धड घट्ट, कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखा ताणला जाणारा. धूळ, जंतू त्यात अडकतात. खालचे सूक्ष्म तंतू, म्हणजे सिलिया, सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून तो घशाकडे सरकवतात आणि आपण नकळत गिळतो. यातलं एक महत्त्वाचं म्युसिन नसलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत जंतूंनी ठाण मांडलं.

घात होतो तो कफ दाट झाल्यावर. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात सीएफटीआर या जनुकातल्या दोषामुळे क्लोराइड आणि बायकार्बोनेट पेशींबाहेर नीट येत नाहीत, पाणी कमी पडतं, आणि सिलियांना कफ हलवता येत नाही. मेलेल्या पांढऱ्या पेशींचा डीएनए मिसळून तो आणखी चिवट होतो. म्हणून तर डीएनए कापणारं डॉर्नेज अल्फा हे औषध देतात, ७ टक्के मिठाच्या पाण्याचं नेब्युलायझेशन देतात. मीठ पाणी ओढून आणतं. दम्याच्या जीवघेण्या झटक्यातही कफाची बुचं श्वासनलिका बंद करतात. ती दुधाने बनत नाहीत.

दुधाची तर थेट तपासणी झाली आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात ६० जणांना सर्दीचा विषाणू देऊन त्यांच्या नाकातला स्राव तोलला. दूध जास्त पिणाऱ्यांचा स्राव जास्त भरला नाही. लाळेत मिसळलेलं दूध घशात थोडा वेळ जाडसर लागतं, एवढंच. दुधाची ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी. पण सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलाला जास्तीच्या कॅलरी लागतात. त्याचं दूध तोडणं म्हणजे सरळ नुकसान.

हिरवा रंग पांढऱ्या पेशींतल्या एका एन्झाइमचा. विषाणूच्या साध्या सर्दीतही तो दिसतो, त्यामुळे धडधाकट माणसाने नुसत्या रंगावर गोळ्या घेऊ नयेत. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या, रुग्णाचा मात्र दम वाढला, बेडका वाढला आणि रंगही बदलला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.