राउटरचं बटण कुठंय, ते आधी बघून ठेवा

टेकन ८ हा मारामारीचा व्हिडिओ गेम नव्याने घेतलेल्या पुणेकर बंधू-भगिनींनो, अभिनंदन. परवा रात्री मला जे शिकायला मिळालं ते तुमच्याही उपयोगी पडावं, एवढ्याच शुद्ध हेतूने हे लिहितोय. रागाने नाही. राग कालच ओसरला, हवं तर आमच्या आईला विचारा.

पहिली गोष्ट, गेम शिकायच्या फंदात पडू नका. तशी सोय नको इतकी करून ठेवली आहे. हरलेली लढत रिप्लेमध्ये लावा, हवं तिथे थांबवा आणि त्याच क्षणापासून कंट्रोलर हातात घेऊन पुन्हा खेळून बघा. कुठे उलटा मार देता आला असता, तेही गेमच सांगतो. वर तुमच्या सवयी उचलून तुमचंच भूत तयार करतो आणि तुम्हाला त्याच्याशी लढायला लावतो. मी लढलो. माझं भूत जमिनीवरून उठताना दर वेळी लाथच मारत होतं. दर वेळी! म्हणजे मीच मारतो. टेकन ३ पासून पंचवीसेक वर्षं मी हेच करतोय आणि समोरच्यांना ते पहिल्या राउंडला कळत असणार. असलं आत्मपरीक्षण तुम्ही करू नका. आपल्याकडे परीक्षण दुसऱ्याचं करायची पद्धत आहे.

बटणं पाठ होत नसतील तर स्पेशल स्टाइल लावा. एकच बटण बडवलं की दहा हजार तास घालवल्यासारखा कॉम्बो, म्हणजे सलग मारा, निघतो.

ब्लॉक हा शब्द विसरा. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं, त्यात सगळ्यात झटपट ठोसा दहा फ्रेमचा, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. समोरच्याचा वार अडवायचा, त्याचा तोल गेलेला तेवढा क्षण पकडायचा आणि ठोसा घालायचा, ही टेकनची जुनी मजा. ती आता म्हाताऱ्यांसाठी. आता ‘हीट’ आहे. राउंडला एकदा, दहाएक सेकंद, तुमच्या गड्याच्या अंगात येतं. मग समोरचा बिचारा सगळे वार नीट अडवत असला तरी त्याचं रक्त, म्हणजे वरची ताकदीची पट्टी, थोडं थोडं उतरतंच. ते परत मिळवायचं तर त्यानेही अंगावर धावून जायचं. गप्प उभं राहून विचार करणाऱ्याला इथे काही मिळत नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये दुसरा सीझन, म्हणजे नव्या बदलांचा हप्ता, आला, त्यात बचाव करणाऱ्यांना आणखी चेपलं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर खेळाडूंनी इतक्या शिव्या घातल्या की महिनाही न होता दुरुस्तीचा पॅच काढावा लागला. शिव्या घालणाऱ्यांत मीही होतो. तुम्ही नका घालू, तुमचाच फायदा आहे.

गोष्ट मात्र बघून घ्या. आजोबा, मुलगा, नातू एकमेकांना कड्यावरून आणि ज्वालामुखीत ढकलतायत, इतकंच. वाड्याच्या वाटणीचा खटला घरात चालू असेल तर वेगळी प्रस्तावना लागणार नाही.

पाकीट हाताशी ठेवा. 26 जानेवारी 2024 ला पूर्ण पैसे मोजून लोकांनी गेम घेतला आणि महिन्याभराने आत दुकान उघडलं. टेकन ७ मध्ये ज्वालामुखीत पडलेला हेहाची, म्हणजे तो आजोबा, वर्ष संपायच्या आत जिवंत झाला, फक्त वेगळे पैसे भरणाऱ्यांसाठी. आणि एडी! ज्याला घेऊन आपण सगळ्यांनी डोळे मिटून लाथांची बटणं बडवलीत, तो टेकन ३ मधला आपला लाथाड्या एडी 2024 च्याच एप्रिलमध्ये आला, तोही वेगळा विकत. उगाच नाही म्हणत, लहानपण स्वस्त होतं.

टीव्हीचा गेम मोड (बटण दाबल्यावर चित्राला होणारा उशीर कमी करतो तो) लावू नका, रंग फिके दिसतात.

जिंकलात की पडलेल्या गड्यावर उठाबशा काढायला विसरू नका. संस्कार दिसले पाहिजेत.

आता मुख्य मुद्दा. वायफाय. नेहमी वायफायवरच खेळा. राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे, तुम्ही आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती, एक फ्रिज आणि गोदरेजचं कपाट. आदर्श! लढत थेट तुमच्या आणि समोरच्याच्या घरामध्ये चालते, म्हणजे तुमच्या कपाटाचा त्रास समोरच्यालाही समान वाटला जातो. समोरच्याचं बटण वेळेवर पोचलं नाही, तर हा गेम अंदाजाने चित्र पुढे नेतो आणि अंदाज चुकला की गुपचूप मागे येऊन दुरुस्त करतो. याला रोलबॅक म्हणतात आणि वायर असली तर तो झाल्याचं कळतसुद्धा नाही, इतकं ते चांगलं काम आहे. पण तुम्ही त्या बिचाऱ्याला कपाटाआडून अंदाज करायला लावा. मग एडी माझ्यासमोर उभा असतो, पुढच्या क्षणी पाठीमागे असतो आणि मधल्या वेळात मी जमिनीवर असतो. कसा पडलो, ते मलाही दिसलेलं नसतं. खेळायच्या आधी समोरच्याच्या नावाशेजारी वायफायचं चिन्ह दिसतं म्हणून काही दुष्ट लोक नकार देतात. त्यांना मनावर घेऊ नका. माझ्यासारखा एखादा भला माणूस भेटतोच. पासोड्या विठोबापाशी दोन मिसळींच्या पैशात लॅनची वायर मिळते, पण ती आणायला पार्किंग शोधावं लागतं, आणि तेवढ्यात तुमच्या पंधरा लढती होतील.

आणि हरायला लागलात की सरळ राउटर बंद करा. नंतर कोणी विचारलं तर ‘लाइट गेली’ म्हणा. फक्त वार बघून म्हणा. आपल्याकडे लाइट दुरुस्तीसाठी गुरुवारी जाते.

परवा सोमवार होता.

रात्रीचे पावणेअकरा. बॅटल रूलर या पायरीवरून वरच्या फुजिनला चढायची माझी लढत. समोर एडी, नावात आपल्याच एका पेठेचं नाव, शेजारी वायफायचं चिन्ह. नाही म्हणता आलं असतं. म्हटलं, गाववाला आहे, खेळू. (मी पॉल नावाचा गडी घेतो. त्याचे उभे केस या वेळी खाली बसवलेत, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.) दोन-दोन राउंड झाले. पाचव्यात माझं रक्त निम्मं, त्याचं बोटभर. तीच पायात येणारी लाथ तो चौथ्यांदा घेऊन आला. मी खाली बसलो, अडवली, उठलो आणि पॉलचा तो मोठा ठोसा सोडला. मूठ त्याच्या छातीपासून वीतभर लांब असताना चित्र थिजलं. मग पाटी आली, संपर्क तुटला.

आईने आतून विचारलं, “जिंकलास का रे?”

“नाही. पळाला.”

“मग जिंकलासच की. झोप आता.”

जिंकलो काय! मला तो ठोसा लागलेला बघायचा होता.

आम्ही शाळेत असताना कर्वे रोडला एका तळघरात चार मशीन होती. दोन रुपयांचं टोकन. हरलेला उठतो, जिंकलेला बसून राहतो, एवढा एकच नियम, आणि तो कोणी कधी सांगावा लागला नाही. मागे सहा पोरं खांद्यावरून वाकून बघायची. हरलं की कानामागून ‘चल ऊठ’ यायचं. उठायचं. रडायला यायचं, तरी उठायचं. मशीनची वायर काउंटरवाल्याच्या पायाखाली असायची, खेचणार कुठून?

आता तुझ्या पायाखाली आहे, तर खेचतोस? अरे गधड्या, तीन मिनिटांची लढत होती. नो एंट्रीतून गाडी घालायची आणि पुढे पोलीस दिसला की वळवायची, तसं आयुष्यभर करणार आहेस का? तुझा एडी चांगला होता. पहिले दोन राउंड मला तुझी लय सापडत नव्हती, हे तुला कळायला हवं होतं. ते कळायच्या आधीच पळालास. एक लाथ चार वेळा मारलीस म्हणून हरत होतास, दुसरं काही नाही. त्या रिप्लेत जाऊन बघितलं असतंस तर पाच मिनिटांत सुधारली असती. पण तू बघणार नाहीस. तू दुसरा वायफायवाला शोधशील आणि त्याच्या गळ्यात पडशील. आणि वर मित्रांना सांगशील की गेमच बकवास आहे.

वायर घेऊन ये. मी साडेदहानंतर असतो, पॉल घेऊन. हरलास तर ऊठ.