आर्व्हो, ट्रेडी, पोस्टी

फेब्रुवारीत मेलबर्नला आले. इथे एका एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, काम करते. पहिल्याच आठवड्यात रोस्टर लावताना सुपरवायझरने विचारलं, "तुला आर्व्हो शिफ्ट चालेल ना?" आर्व्हो म्हणजे आफ्टरनून.

परवा आपल्या मराठी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'या ऑस्ट्रेलियन लोकांना धड इंग्रजीसुद्धा बोलता येत नाही, सगळे शब्द अर्धेच.' मला हे अजिबात पटलं नाही, म्हणून लिहितेय.

शब्द मधेच तोडायचा आणि त्याला 'ओ' नाहीतर 'ई' जोडायचा, ही इथली रीत. ब्रेकफास्ट झाला ब्रेकी, सर्व्हिस स्टेशन म्हणजे आपला पेट्रोल पंप झाला सर्व्हो, आणि डास झाला मॉझी. पण माणसांना काय म्हणतात ते ऐका. वायरमन हा स्पार्की, गवंडी ब्रिकी, टपाल आणणारा पोस्टी, बंबावरचा फायरी, अँब्युलन्सवरचा अँबो, कचरा उचलणारा गार्बो. सुतार, प्लंबर, गवंडी असे सगळे कारागीर मिळून ट्रेडी. आपण प्रकाशचा पक्या आणि सचिनचा सच्या कधी करतो? ज्याच्या खांद्यावर हात टाकता येतो, त्याचाच करतो. (इथे गॅरीचा गॅझा होतो, बॅरीचा बॅझा.) आपल्याकडे कचरा नेणाऱ्याला किती घरांत नावाने हाक मारतात? इथे त्याच्या कामालाच लाडाचं नाव आहे. हा आळस नाही हो, ही जवळीक आहे. बसमधून उतरताना शाळकरी पोरंसुद्धा मागच्या दारातून ओरडून ड्रायव्हरला थँक यू म्हणतात, तेही त्यातलंच.

कष्टाच्या कामाला इथे 'हार्ड यक्का' म्हणतात. यक्का हा शब्द इंग्रजी नाही. ब्रिस्बेनच्या परिसरातल्या यागरा या मूळनिवासींच्या भाषेतून तो आला. ज्यांच्या जमिनी घेतल्या, त्यांच्याचकडून कष्टाचा शब्दही घेतला. आपण इथे नव्याने येऊन घरं बांधतोय, तर निदान एवढं तरी आपल्याला माहीत हवं.

नव्याने येणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवते. कुणी 'ब्रिंग अ प्लेट' म्हटलं, तर घरून काहीतरी करून न्यायचं. सरळ अंगतपंगत. मी साबुदाण्याचे वडे नेले होते, एकही उरला नाही.

सगळंच आवडतं असं नाही. 'शी'ल बी राइट', म्हणजे होईल हो सगळं नीट, हे वाक्य मला नाही रुचत. ऐन जुलैत, म्हणजे इथल्या कडाक्याच्या थंडीत, आमच्या भाड्याच्या घरातला हीटर बंद पडला आणि तीन आठवडे आम्ही तेच ऐकत होतो. घरात लहान मूल असताना असला धीर कामाचा नाही. शेवटी स्पार्की आला, त्याने अर्ध्या तासात काम केलं, आणि चहा घेताना वेलचीबद्दल चार प्रश्न विचारले.

मला सगळ्यात भावला तो ३ मे २०२५ चा शनिवार. देशाची निवडणूक होती. इथे मतदान सक्तीचं आहे, १९२४ पासून, आणि निवडणूक असते शनिवारी. मला मत नाही, तरी जवळच्या प्राथमिक शाळेत गेले. मत देऊन येणारे सगळे एका तव्यासमोर रांगेत उभे. पावाच्या स्लाइसमध्ये गुंडाळलेलं सॉसेज, वर परतलेला कांदा. विक्री पालकांची, पैसे शाळेला. याला म्हणतात 'डेमोक्रसी सॉसेज', आणि २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियन नॅशनल डिक्शनरी सेंटरने हाच वर्षाचा शब्द निवडला. मी शाकाहारी, मला नुसता कांदा-पाव मिळाला. रांगेत माझ्या पुढे सुटातला एक माणूस होता आणि मागे चिखलाचे बूट घातलेला ट्रेडी. दोघं फुटबॉलवर बोलत होते, मधे मी.

नावं छोटी करण्याबद्दल काही जणींची तक्रार असते, ती खरीही आहे. उच्चाराचे कष्ट नकोत म्हणून कुणी आपलं नाव कापलं, तर ठणकावून पूर्ण नाव सांगावं. पण माझ्या वॉर्डातल्या नव्वदीच्या आजोबांनी आधी दोन दिवस 'सुनंदा' घोकलं. द आणि ड मधला फरक चारदा विचारला. तिसऱ्या दिवशी आर्व्हो शिफ्टला चहाचा कप हातात घेत म्हणाले, "टा, सुनी." (टा म्हणजे थँक यू.)

माहेरी मला सुनीच म्हणतात. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.