ताईच्या वहीचं मागचं पान

ताईची केमो चालू होती तेव्हा एक बाई तिला रेकी द्यायला यायच्या. मी तीन-चार वेळा त्या खोलीत बसले आहे. ताई पाठीवर पडलेली, डोळे मिटलेले. बाई आधी तळवे एकमेकांवर घासायच्या आणि मग ताईच्या डोळ्यांवर, कानांवर, गळ्याखाली, पोटावर असे ठेवत जायच्या. एकेका जागी चार-पाच मिनिटं. कुणी काही बोलायचं नाही. हात पोटापर्यंत पोचेतो ताईचा श्वास लांब झालेला असायचा, आणि गोळ्या घेऊनही न येणारी झोप तिला लागायची. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे कुणी सरसकट "थोतांड" म्हणून हात झटकले की मला राग येतो.

पण पुढे एक दिवस त्याच बाई ताईला म्हणाल्या, "तुमच्या हृदयचक्रात ब्लॉकेज आहे. तुम्ही कुणाला तरी माफ केलेलं नाही, ते इथे साठलंय." गाठ छातीतच होती. त्या रात्री ताईने ताप आणि गोळ्यांची नोंद ठेवायची वही उलटी केली आणि मागच्या पानावर नावं लिहायला घेतली. आपण कुणाकुणाला माफ केलेलं नाही त्यांची.

ती झोप आणि हे पान, दोन्ही एकाच माणसाने दिलेलं. मला त्याची संगती लागेना, म्हणून मी या सगळ्याचा इतिहास वाचायला घेतला. वाचल्यावर एक गोष्ट कळली आणि तीच सांगायची आहे: त्या हातांचं घराणं वेगळं आहे आणि त्या वाक्याचं घराणं वेगळं आहे.

आधी हात. रेकी पाच हजार वर्षांपूर्वीची आहे असे मेसेज फिरतात. तसं काही नाही. जपानच्या मिकाओ उसुईंनी १९२२ साली कुरामा डोंगरावर २१ दिवसांचा उपास केला आणि त्यानंतर ही पद्धत शिकवायला सुरुवात केली. १९२६ मध्ये ते गेले, म्हणजे सगळी मिळून चारच वर्षं. त्यांचे शिष्य चुजिरो हायाशी हे नौदलातले निवृत्त अधिकारी. त्यांच्या टोकियोतल्या दवाखान्यात १९३५ साली हवाईहून हवायो ताकाता नावाची बाई स्वतःच्या दुखण्यावर उपचार घ्यायला आली, बरं वाटल्यावर तिथेच शिकली आणि परत गेली. १९८० साली मृत्यू येईपर्यंत तिने २२ जणांना शिकवण्याचा अधिकार दिला. जगभरात पसरलेली रेकी बहुतांशी या एका बाईच्या हातून गेलेली आहे. शंभर वर्षांचीच गोष्ट, आणि त्यात कमीपणा काय आहे? उसुईंच्या नियमांत "फक्त आजच्या दिवस रागावू नकोस, काळजी करू नकोस" असं आहे. ते आजच्यापुरतं आहे. तुझ्या जुन्या रागाने तुला गाठ झाली, असं त्यात कुठेही नाही.

मग ते वाक्य कुठून आलं?

त्यासाठी पॅरिसला जावं लागतं, १७८४ साली. फ्रांझ आंतोन मेस्मर या डॉक्टरचा सिद्धांत होता की सगळ्या जिवांमधून एक अदृश्य प्रवाह वाहतो, तो अडला की आजार होतो आणि हाताने तो मोकळा करता येतो. आजचा "ब्लॉकेज" शब्द घ्या आणि हे वाक्य पुन्हा वाचा. शहर त्याच्या मागे वेडं झालं होतं. लोक लाकडी टबाभोवती बसायचे, त्यातून निघालेल्या लोखंडी सळ्या दुखऱ्या जागी लावायचे. कुणाला रडू फुटायचं, कुणाला झटके यायचे. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. मेस्मरने सहकार्य केलं नाही, पण त्याचा शिष्य देस्लों तयार झाला.

फ्रँकलिनच्या बागेतला प्रयोग मी कितीदा तरी वाचला. देस्लोंने जर्दाळूचं एक झाड "भारित" केलं. बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेलं. पहिल्या झाडापाशी त्याला घाम फुटला, पुढे डोकं दुखायला लागलं, आणि चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. भारित झाड तिथून बरंच लांब होतं.

समितीचा निष्कर्ष असा की प्रवाह नाही, आणि जे घडतं ते कल्पनेमुळे घडतं. मेस्मरच्या उपचारांचा विषय तिथेच मिटला असं बहुतेक जण समजतात. मला मात्र त्या निष्कर्षाचा दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तो मुलगा खरोखर कोसळला होता. घाम खरा होता. नुसत्या अपेक्षेने शरीरात एवढं घडतं, हे त्या दुपारी दिसलं होतं, आणि वैद्यकाने त्याकडे पुढे बराच काळ नीट पाहिलं नाही.

पाहिलं ते दुसऱ्यांनी. अमेरिकेत मेन राज्यात फिनिअस क्विम्बी नावाचा एक घड्याळजी होता. १८३० च्या दशकाच्या शेवटी त्याने मेस्मरपंथी प्रयोग पाहिले आणि स्वतः उपचार करायला लागला. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की प्रवाह वगैरे काही लागत नाही, रोग्याचा विश्वास काम करतो. इथवर तो समितीच्याच जागी पोचला होता. पण त्याने आणखी एक पाऊल टाकलं: मनाने बरं वाटतं, तर मग आजारही चुकीच्या विश्वासातूनच येत असणार. सगळी गफलत या पावलात आहे. गोळीने डोकेदुखी थांबली म्हणजे गोळीच्या अभावी डोकं दुखत होतं असं आपण म्हणत नाही. पण क्विम्बीकडून हा विचार अमेरिकेतल्या "न्यू थॉट" या, विचारांनीच आजार बरा होतो असं मानणाऱ्या चळवळीत गेला आणि तिथून विसाव्या शतकातल्या स्वयंमदतीच्या पुस्तकांत. ताईच्या उशाशी तो पोचला तेव्हा त्याला चक्राचं नाव चिकटलेलं होतं.

तेही नाव उसनंच. पूर्णानंद या तांत्रिक साधकाच्या षट्चक्रनिरूपण या ग्रंथात, म्हणजे १५७७ मध्ये, अनाहत म्हणजे हृदयचक्राच्या बारा पाकळ्या बंधूक फुलासारख्या लाल आहेत. आजच्या तक्त्यांत हेच चक्र हिरवं असतं, कारण सातही चक्रांना इंद्रधनुष्याचे रंग ओळीने देण्याची पद्धत विसाव्या शतकातली आहे. आणि पूर्णानंद साधकासाठी लिहीत होते. छातीतल्या गाठीचं निदान करायला ते बसलेले नव्हते.

ऊर्जा खरंच जाणवते का, याचीही तपासणी झाली आहे. एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या अमेरिकन मुलीने "थेरप्युटिक टच" या रेकीसारख्याच ऊर्जेच्या उपचाराच्या २१ उपचारकांचे हात पडद्याआडून पुढे घ्यायला लावले आणि आपला हात त्यांच्या कोणत्या हातावर धरला आहे ते विचारलं. २८० पैकी ४४ टक्के उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवून येतील त्याहूनही कमी. १९९८ साली हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलं.

तरी ताई झोपत होती, आणि ते मला कुणी खोटं ठरवू शकत नाही. चाळीस-पन्नास मिनिटं एक माणूस दुसऱ्या माणसाला घाई न करता, सुई न टोचता, शांतपणे हात लावून बसलेला असतो. त्या सहा महिन्यांत तिला दुसऱ्या कुणी असा हात लावला नव्हता. मीसुद्धा नाही. मी फाइल, रिपोर्ट आणि डबे सांभाळत होते.

ज्यांच्या घरी आत्ता आजारपण आहे त्यांना हात जोडून सांगते: हा उपचार औषधांच्या जागी घेऊ नका. येलच्या संशोधकांनी बऱ्या होऊ शकणाऱ्या कॅन्सरचे, फक्त पर्यायी उपचार घेतलेले २८१ रुग्ण तपासले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट होता, आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून जास्त. औषधांच्या जोडीला हवे असतील तर हात जरूर घ्या. पण हात ठेवणारी व्यक्ती तुमच्या आजाराचं कारण सांगायला लागली, तर तिला तिथेच थांबवा. मी थांबवलं नाही. मी शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होते.

ताई आता बरी आहे. वही माझ्याकडे आहे. मागच्या पानावर सतरा नावं आहेत, काही खोडून पुन्हा लिहिलेली, आणि तेरावं माझं आहे. त्या बाई पुन्हा भेटल्या तर मी आधी त्या झोपेबद्दल त्यांचे मनापासून आभार मानणार आहे, आणि मग त्यांना हे पान दाखवणार आहे.