खुलासा: दोन वर्षांची कालवड माजावर नाही, म्हणजे वांझ नव्हे

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या ‘ब्राह्मण’ (Brahman) नावाच्या जातीच्या गुरांचा दाखला देत एक संदेश फिरतो आहे: ‘दोन वर्षांची कालवड माजावर आली नाही, तर ती वांझ, विकून टाका.’ हे चूक आहे. तिथल्याच अभ्यासात या जातीच्या (हिच्यात आपल्या कृष्णाकाठच्या गुरांचेही रक्त आहे) कालवडी सरासरी सुमारे ७५० दिवसांनी, ३३० किलोंच्या आसपास वयात आल्या, म्हणजे पहिल्यांदा माजावर आल्या. सरासरीच दोन वर्षांपलीकडची, मग निम्मा कळप वांझ ठरवणार का? तिथली खरी अडचण कोरड्या हंगामाची. गवत वाळले की त्यातली प्रथिने घटतात, बऱ्याच जमिनींत फॉस्फरस आधीच कमी. दूध तुटलेल्या वासराची वाढ तिथेच अडते आणि कालवड उशिरा वयात येते. अर्थात सगळा दोष चाऱ्याचा नाही. वयात येणे बरेचसे आनुवंशिक असते, तेव्हा वळू निवडताना त्याच्या बहिणी कधी माजावर आल्या तेही विचारा.