सहा आठवडे बाहेर चाललात? मग निघायच्या आधी बिअर लावाच

घरी बिअर बनवणाऱ्या आणि नेमकं तेव्हाच लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या मंडळींसाठी थोडं मार्गदर्शन. अनुभवाचे बोल आहेत. अनुभव माझा, बिअर दुसऱ्याची, ते येईलच पुढे.

आधी मुहूर्त. बॅच लावायची ती निघायला चार-पाच दिवस उरले की. बॅगा अर्धवट, पासपोर्ट सापडत नाहीये, अशा वेळी २० लिटर वर्ट (माल्टचं गोड पाणी, ज्याची पुढे बिअर होते) उकळत ठेवायची मजाच वेगळी. महिनाभर आधी तिकीट काढलं होतं तेव्हा का नाही लावली असले प्रश्न विचारायचे नाहीत, तेव्हा मूड नव्हता. ज्यांना चार दिवसही जमत नाहीत त्यांनी सरळ आदल्या रात्री लावावी. यीस्ट टाकल्यावर पहिले तीन-चार दिवसच टेंपरेचर सांभाळायचं असतं, तेव्हा गरम झालं तर डोकं धरायला लावणारे फ्युसेल अल्कोहोल तयार होतात, म्हणून नेमक्या त्याच दिवसांत आपण घरात नसलेलं बरं. पाकिटावर १८ ते २२ डिग्री लिहिलेलं असतं ते शोभेला. घर बंद, खिडक्या बंद, त्यात आंबताना वर्ट स्वतःच तापतं, खोलीपेक्षा दोन-चार डिग्री वर जातं, पण तुम्हाला काय, तुम्ही विमानात.

फर्मेंटर, म्हणजे वर्ट आंबवायचं भांडं, काठोकाठ भरा. फेसाला वर जागा लागते म्हणतात, पण छत आहे की.

एअरलॉकमध्ये, म्हणजे गॅस बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झाकणावरच्या नळीत, पाणी जेमतेम घाला. ते उडून गेलं की हवा निवांत ये-जा करेल आणि परत आल्यावर बिअर नाही तरी व्हिनेगर नक्की मिळेल.

ड्राय हॉप्स, म्हणजे वासासाठी बिअरमध्ये टाकायची हॉप्सची फुलं, जाता जाताच टाका. सहा आठवडे मुरले की गवत चघळल्याचा आनंद.

आता चावी. चावी अशा मित्राकडे द्या जो स्वतःही बिअर बनवतो, म्हणजे त्याला "तुला काय सांगायचं, तुला तर सगळं माहितीये" एवढं म्हणून सटकता येतं. "काही करायचं नाहीये रे, फक्त अधूनमधून बघत जा." काय बघायचं ते सांगायचं नाही. कपाटात काय ठेवलंय ते तर अजिबातच नाही.

आणि आता खरी कला, बॉटलिंग. बुडबुडे कमी झाले की भरा बाटल्या! हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता मोजतो, त्यावरून साखर किती उरली ते कळतं) वगैरे घाबरट लोकांसाठी. १.०५० ला सुरू केलेली एल (बिअरचा एक प्रकार) १.०१२ च्या आसपास थांबायला हवी, दोन-तीन दिवसांच्या अंतराने मोजून आकडा तोच आला तरच ती थांबली असं म्हणायचं, हे सगळं पुस्तकी. आमच्या मित्राने चौथ्या दिवशी एकदाच मोजलं, १.०२० आलं, आणि साहेब म्हणाले "झालंच की जवळपास". जवळपास! अहो, ग्रॅव्हिटीचा एकेक पॉइंट (०.००१) म्हणजे बाटलीत साधारण अर्धा व्हॉल्यूम गॅस (एक व्हॉल्यूम म्हणजे बिअरच्या आकारमानाएवढा गॅस), आठ पॉइंट उरले म्हणजे चार व्हॉल्यूम, वर बाटलीत गॅस यावा म्हणून नियमाप्रमाणे लिटरला सहा-सात ग्रॅम साखर घातलीच होती तिचा गॅस वेगळा, आणि साध्या एलला लागतात अडीचच्या आत-बाहेर. हे गणित त्यानेच मला कधीतरी शिकवलं होतं. ३८ काचेच्या बाटल्या, झाकणं ठोकून, खोक्यांत घालून, कपड्यांच्या कपाटात, बंद घरात. अकराव्या दिवशी रात्री शेजारच्या काकूंचा फोन, "तुमच्या मित्राच्या घरात कोणीतरी फटाके लावतंय".

मी गेलो. हेल्मेट घालून गेलो, हसू नका. हातात ओव्हनचे जाड ग्लोव्हज, अंगावर थंडीचं जॅकेट, डोळ्यांवर गॉगल. कपाट उघडलं तर सात फुटलेल्या, काचा शर्टांच्या खिशात, एक तुकडा लाकडात रुतलेला. उरलेल्या ३१ एकेक करून बादलीत ठेवल्या, वर ओला टॉवेल, तशाच फ्रीजमध्ये, थंड झालं की यीस्ट मंदावतं म्हणून. दुसऱ्या दिवशी एकेकीचं झाकण हळूच सैल करत बसलो, पहिलीच छतापर्यंत गेली. पहाटेपर्यंत फरशी पुसली, ती अजून चिकटते. मित्राला व्हिडिओ कॉल केला तर पहिला प्रश्न काय? "चव कशी होती रे?"

चव!

अरे, कपाट उघडताना फुटली असती तर माझा डोळा गेला असता. तुला हे माहीत नव्हतं असं नाही, दहा वर्षं करतोयस. घाई कसली होती? फर्मेंटरमध्येच ठेवून गेला असतास तर काय झालं असतं? झाकण घट्ट, एअरलॉक भरलेला, खोली जरा थंड, तीन-चार आठवडे तर बिअर गाळावर आरामात बसते, सहा झाले तरी बहुतेक वेळा काही बिघडत नाही, आणि बिघडलंच असतं तर एक बॅच गेली असती, कोणाचे डोळे नाही. नाहीतर लावायचीच नाही. ड्राय यीस्टचं पाकीट फ्रीजमध्ये महिनोन्‌महिने टिकतं, ते काय रडतंय? आणि भरायच्याच होत्या तर एक तरी प्लॅस्टिकची बाटली भरायचीस, दाबून बघितली असती, दगडासारखी लागली की कळलं असतं. काही नाही. "फक्त बघत जा."

पुढच्या वेळी चावी दुसऱ्या कोणाला दे. आणि त्या ३१ मधल्या नऊ बाटल्या वाचल्यात, त्या माझ्या फ्रीजमध्ये आहेत आणि तिथेच राहणार. चव बरी आहे.