‘पोरं पैशासाठी पळतात’ म्हणे!

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मेसेज फिरतोय: आयटीतली पोरं चार पैशांसाठी कंपनी बदलतात, निष्ठा नावाची गोष्ट उरली नाही, आणि एक गेला तर दहा मिळतात. पुढे पाठवणारे बहुतेक मॅनेजरच असतात, ते असो.

आधी पैसा. इन्फोसिसमधून स्वतःहून नोकरी सोडणाऱ्यांचं वार्षिक प्रमाण जून २०२२ला २८.४ टक्के होतं, मार्च २०२४ला १२.६. बाजार तापला की माणसं जातात, हे कबूल. पण मधल्या काळात निष्ठा दुप्पट झाली असं कोणी म्हणेल का? बाहेरून कॉल येईनात, म्हणून लोक थांबले. शिवाय त्याच कामाला बाहेरून आणलेल्याला जास्त पगार आणि आतल्याला पाच-सहा टक्के, हा हिशेब पोरांनी नाही मांडलेला.

निष्ठेचं तर बोलूच नका. अप्रेझलला मॅनेजर सांगतो, ‘काम उत्तम आहे रे, पण बेल कर्व्हमध्ये बसवता आलं नाही.’ म्हणजे रेटिंगची ठरलेली वाटणी पाळायला दहा जणांत दोघांना खाली ढकलायचंच होतं. वरचं रेटिंग प्रमोशन आधीच ठरलेल्याला गेलं, रात्रभर प्रॉडक्शन, म्हणजे क्लायंटची चालू सिस्टिम, सांभाळणाऱ्याला ‘मीट्स’, म्हणजे ‘अपेक्षेइतकं’ एवढंच. दुसरा प्रोजेक्ट मागितला तर आहे त्यातून रिलीज मिळत नाही, कारण क्लायंट खूश आहे आणि बिलिंग चालू आहे. चांगलं काम केल्याची शिक्षाच ती. क्लायंटने प्रोजेक्ट बंद केला की तोच माणूस बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसून, आणि बेंचवर महिने लांबले की एचआरचे मेल सुरू. गंमत म्हणजे राजीनामा टाकल्यावर आठवड्याभरात ऑनसाइट, म्हणजे परदेशात क्लायंटकडे जायची संधी, निघते, पगारवाढ निघते, डिलिव्हरी हेडला वेळही मिळतो. वर्षभर हे कुठे होतं?

राहिले ते दहा. रेझ्युमे दहा येतात, खरंय. पण क्लायंटची सिस्टिम आठ वर्षं ओळखणारा त्यांत नसतो. ९० दिवसांच्या नोटीस पिरियडमध्ये केटी, म्हणजे कामाची माहिती, घ्यायला बहुतेक वेळा शेवटच्या पंधरवड्यात एखादा फ्रेशर येतो. सेशन्स रेकॉर्ड होतात, फोल्डरमध्ये पडून राहतात. मग मध्यरात्री बॅच, म्हणजे रात्री आपोआप चालणारं काम, अडकली की जुन्या मॅनेजरचा गेलेल्यालाच मेसेज: ‘बॉस, दोन मिनिटं आहेत का?’