मान्यता मिळाली, शिफारसपत्र कोण देणार?

ऑनलाइन एम.एस्सी. किंवा एम.ए. केलं तर पुढे पीएचडीला चालतं का, असं भारतातून मला हल्ली वरचेवर विचारलं जातं. विचारणारे बहुतेक नोकरी सांभाळून शिकणारे असतात. तिकडचा वादही कानावर असतो. एक बाजू म्हणते, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ही पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष ठरवलीय, विषय संपला. दुसरी नाक मुरडते: घरबसल्या मिळालेली पदवी ती काय पदवी! मी जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या संशोधन गटात काम करते आणि पीएचडीच्या जागांसाठी आलेले अर्ज वाचायला बसते. ते वाचताना दोन्ही बाजू भलत्याच मुद्द्यावर भांडताहेत असं मला वाटतं.

नियमांचं आधी उरकून घेऊ. यूजीसीच्या २०२० च्या नियमावलीनुसार मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीइतकीच ग्राह्य आहे, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने हे पुन्हा जाहीर केलं. त्याच वर्षीच्या पीएचडी नियमांत पदव्युत्तर पदवीला साधारणपणे ५५ टक्के गुणांची अट आहे. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील, तर पदव्युत्तर पदवीवाचूनही अर्ज करता येतो. खुद्द पीएचडी मात्र ऑनलाइन करता येत नाही. २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर प्रवेश देताना, जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) नसलेल्यांसाठी, परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. परीक्षेला तुम्ही कुठे बसून शिकलात याच्याशी देणंघेणं नसतं. त्यामुळे तिकडे मान्यतेचा मुद्दा एवढा मोठा होतो हे मी समजू शकते.

जर्मनीत पीएचडी ही बऱ्याचदा नोकरी असते. जाहिरात निघते, टीव्ही-एल १३ अशी वेतनश्रेणी लिहिलेली असते, ठरावीक मुदतीचा करार होतो. प्राध्यापक पुढची तीन-चार वर्षं ज्याच्याबरोबर काम करायचं तो सहकारी निवडत असतात. पदवी ग्राह्य आहे की नाही हे विद्याशाखेची समिती तपासते, ‘अनाबिन’ नावाच्या सरकारी सूचीत परदेशी विद्यापीठाचा दर्जा पाहिला जातो. तिथे मान्यता नसेल तर गाडी अडते, हे खरंच. पण बहुतेकदा ही तपासणी प्राध्यापकांनी होकार दिल्यानंतरची असते. होकार मिळवताना मान्यतेचा काही उपयोग नाही.

होकार कशावर मिळतो? मास्टर्सच्या प्रबंधावर आणि शिफारसपत्रांवर. ऑनलाइन अभ्यासक्रमाची खरी पंचाईत इथे होते. शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गाला शिकवणारा प्राध्यापक पत्रात काय लिहिणार? ‘माझ्या विषयात उत्तम श्रेणी मिळवली, सर्व स्वाध्याय वेळेत दिले.’ ते तर गुणपत्रिकेत दिसतंच. आम्हाला हवं असतं ते वेगळं: प्रयोग फसल्यावर या व्यक्तीने काय केलं, मार्गदर्शकाचं म्हणणं कधी खोडून काढलं का, लिहिलेलं प्रकरण तिसऱ्यांदा परत आलं तेव्हा चिडली की सुधारून आणलं. हे कुणीतरी जवळून पाहिलेलं असावं लागतं. एखाद्या कंपनीच्या संशोधन विभागातल्या वरिष्ठाने असं पत्र लिहिलं, तर ते नामवंत पण अनोळखी प्राध्यापकाच्या चार ओळींपेक्षा कितीतरी वजनदार ठरतं.

अमेरिकेतलं गणित आणखी निराळं. तिथे अनेक विषयांत पदवीनंतर थेट पीएचडीला घेतात, मास्टर्सची सक्तीच नसते. तिथल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाने २०१४ मध्ये संगणकशास्त्राचं ऑनलाइन मास्टर्स सुरू केलं, तेही प्रत्यक्ष वर्गातल्या अभ्यासक्रमाच्या तुलनेत फारच कमी शुल्कात. अभ्यासक्रम कसदार आहे, माझ्या मते या प्रकारातला सर्वांत प्रामाणिक प्रयोग. पण ती पदवी नुसते विषय पूर्ण करूनही मिळते. तशी घेतली तर नोकरीत कामाला येईल. संशोधन येतं याचा पुरावा मात्र तिच्यातून मिळत नाही.

नाक मुरडणाऱ्यांनाही एक सांगायचंय. दोन वर्षं वर्गात बसून, प्रकल्प अहवाल जुन्या प्रतीवरून उतरवून आणलेले अर्जही आमच्याकडे येतात. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडतात. उलट, पदवीत गुण कमी पडलेले, अभियांत्रिकीतून संख्याशास्त्राकडे वळू पाहणारे, किंवा मुलं लहान असल्यामुळे शहर सोडू न शकणारे लोक ऑनलाइन पदवीने आपला पाया पक्का करतात, तेव्हा अर्ज वाचणाऱ्याला ते दिसतं. विशेषतः मधली बरीच वर्षं अभ्यासाशी संबंध नसेल, तर ताजी, चांगली गुणपत्रिका शंका दूर करते.

म्हणून माझं मत असं: केवळ पीएचडीसाठी म्हणून, प्रबंध नसलेल्या ऑनलाइन मास्टर्सवर पैसे घालू नयेत. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला विचारावं की प्रबंध आहे का, मार्गदर्शक कोण, आणि एकेका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असतात. उत्तरात नुसतं माहितीपत्रक पाठवलं, तर काय समजायचं ते समजावं. ज्यांनी आधीच प्रवेश घेतलाय त्यांनी शेवटच्या सत्राची वाट बघू नये. आवडत्या विषयाच्या प्राध्यापकांना आत्ताच लिहावं, त्यांचा एखादा शोधनिबंध नीट वाचून त्यावर नेमका प्रश्न विचारावा आणि एखादं छोटं काम मागावं. विदा (डेटा) साफ करण्याचं का असेना.